पाठकोरी

बर्फाच्या कारखान्यातली जुनी बिलं
इसाक माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो.
एका बाजूला लाद्यांचा हिशेब, दुसरी बाजू कोरी.
घरी आणून मी ती तांदळाच्या डब्यात घालते.
गिर्यातल्या हवेत कागद उघडा राहिला
तर दिवेलागणीपर्यंत मऊ पडतो,
आणि मऊ कागद घडीचं ऐकत नाही.

आधी चौरस. मग दोन्ही कर्ण.
मग चौरसात चौरस, त्याच्या आत आणखी एक,
एक घडी डोंगर, एक घडी दरी, पुन्हा डोंगर,
तिठ्यापासून जेटीपर्यंतचा आमचा रस्ता जसा.
केसभर चुकलं
तर सोळाव्या चौरसात ते बोटभर होऊन समोर येतं,
उधारीसारखं.

सगळ्या घड्या मिटून हात सोडला
की कागद सपाट बसत नाही.
दोन कोपरे वर जातात, दोन खाली.
रेषा एकूण एक सरळ,
आणि पाठ मात्र वाकलेली.
मी वाकवलेली नाही.

बाबांनी तो उचलला,
एक डोळा मिटून कडेवरून पाहिला,
होडीच्या पठाणाचं सूत बघायचे तसा.
"ह्या फळयेक पीळ कोणी दिलो?"

वासू मेस्तांच्या हातून चाळीस होड्या पाण्यात गेल्या.
नाळीजवळची फळी सगळ्यांत हट्टी:
खाली विस्तव, वर ओलं गोणपाट,
टोकाला गणो लोंबकळतोय आणि शिव्या देतोय.
आता फायबरच्या होड्या साच्यातून निघतात.
मांडवात दोन स्कूटर उभ्या असतात, आणि कोंबड्या.

मी सांगितलं, बाबा, गणित म्हणतं
असा कागद असूच शकत नाही.
एवढ्याच घड्यांत हा पीळ बसत नाही.
मग हा बसलाय कसा?
तर कागद लबाडी करतो,
प्रत्येक पट्टीत कुठेतरी
डोळ्यांना न दिसणारी तिरकी मोड घेतो
आणि सांगत नाही कुणाला.

ते हसले. खूप दिवसांनी.
"लाकूड पण घेता. आतल्या आत तडकता.
म्हणून तर कापूस नि राळ."

मग अंगठ्याने मधला चौरस दाबत विचारलं,
"पाणी किती घेतलो हो?"
होडी नाही ती, म्हटलं.
"मगे कशाक?"

बर्फाच्या लाद्या मोजताना मला आकडे सुचतात,
उत्तरं नाही.

कॅलेंडरच्या खिळ्याला टांगून ठेवलाय.
आषाढात हळूहळू उलगडत गेला,
कोपरे खाली आले, बिलावरची तारीख वाचता येऊ लागली.
मी काढणार होते. बाबा म्हणाले, ऱ्हवांदे.
आश्विनात ऊन तापलं तसा
एक कोपरा परत उचललाय.
दुसरा अजून विचार करतोय.