रिकामं आणि शून्य

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, जिथे पूर्वी बर्फ विकत
त्या खोलीत आमचं ऑफिस. भिंतींना अजून मासळीचा वास.
ब्रेस्तिर कोड लिहितो. मी त्याचं वर्णन लिहिते:
कुठल्या पत्त्यावर काय मागायचं,
काय मिळेल, काय मिळणार नाही,
आणि नाहीच मिळालं तर किती वेळ थांबून पुन्हा विचारायचं.

प्रत्येक बोटीला 'उशीर' नावाचा एक रकाना.
मिनिटांत. पूर्णांक. यात समजावण्यासारखं काही नाही
म्हणून मी एकाच ओळीत उरकला होता.

नोव्हेंबरात स्वीनोयची बोट सुटलीच नाही.
आमचा एपीआय दिवसभर सांगत राहिला: उशीर शून्य.
जी निघालीच नाही तिला उशीर कसला?
ब्रेस्तिरचं गणित बिनचूक होतं.
आणि तिकडे धक्क्यावर सुन्वा,
मेंढ्यांची लस गोठू नये म्हणून डबा कोटाच्या आत धरून
चार तास,
फोनवर हिरवा ठिपका बघत.

ती ओरडली नाही. फोन करून एवढंच म्हणाली,
"तुमचं शून्य म्हणजे नक्की काय हो?"

"मग रिकामं ठेवू," ब्रेस्तिर म्हणाला.
रिकामं म्हणजे?
"माहीत नाही, असं."
कुणाला माहीत नाही? आपल्याला, की समुद्राला?
त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.
कॉफी निवली. मग आम्ही दोघं सामलकडे गेलो,
एकतीस वर्षं सुकाणूवर असलेला माणूस.
बोट जाणार की नाही, हे तुम्हाला कधी कळतं?
त्यानं खिडकीतून पाहिलं. बराच वेळ.
"कान्स्का," म्हणाला. कदाचित.
म्हणजे माहीत नाही?
"असं कसं? कदाचित आहे, हे मला पक्कं माहीत आहे."

दुसरी आवृत्ती निघायला तीन आठवडे लागले.
पहिली बंद केली नाही.
शाळेतला एक जुना पडदा अजून तिलाच विचारतो,
आणि त्याचं उत्तर बदलायचं नाही, असं आम्ही लिहून दिलंय.
लिहून दिलेल्या शब्दाला जागावं लागतं,
वाचणारा एकच असला तरी.

आता त्या रकान्याखाली असं आहे:

उशीर. शून्य म्हणजे वेळेवर.
रिकामं म्हणजे अजून कुणी खिडकीबाहेर पाहिलेलं नाही.
'कदाचित' म्हणजे पाहिलं आहे.

ब्रेस्तिर म्हणतो, शेवटची ओळ तांत्रिक नाही.
मी ती काढलेली नाही.

आज पहाटे पाच दहाला एक विनंती आली.
कुणाची, ते आम्ही नोंदवत नाही.
स्वीनोयची पहिली बोट.
उत्तर गेलं: कदाचित. शेजारी दोनशे, म्हणजे सगळं सुरळीत.
पुन्हा विचारणा आली नाही.
झोपली असेल.
किंवा डबा घेऊन निघाली असेल.