बटण

साखर पेठेत रात्रपाळीचा माग थांबवताना
मल्लेशममामा म्हणायचे,
चालू कुणीही करतं गं.

आज सिव्हिलमध्ये त्यांच्या सुनेला, राजमणीला,
सहावी सलाईन. खाटेखाली बादली,
बादलीत पेजेसारखं पाणी.

मी फळ्यावर शिकवते ते हेच:
पेशीच्या पडद्याला आतून चिकटलेलं जी-प्रथिन.
बाहेर कुणी कडी वाजवली की
हातातला जीडीपी टाकतं, जीटीपी उचलतं.
चालू. निरोप आत जातो.
मग कुणी न सांगता
तिनातला एक फॉस्फेट तोडतं,
दाताने दोरा तोडावा तसा.
बंद.

पटकीचं विष नेमकं त्या दातावर बसतं.
दोरा तुटत नाही.
मीठ, पाणी, पुन्हा पाणी,
कापड कुणाला नको असताना माग चालूच.

मामा विचारतात, मेन स्विच कुठाय?
नाही मामा. त्या पेशी झडतील,
चार-पाच दिवसांत नव्या येतील.
तोवर जेवढं जातंय तेवढं ओतायचं.

ते काही बोलत नाहीत.
बादलीवरची खडूची खूण बघतात
आणि टॉवेलचे डझन मोजावेत तसे
ओठांतल्या ओठांत लिटर मोजतात,
ओकटी, रेंडु.