ओट, ओली वाळू

डब्यांवर नावं आहेत: ओट आणि ओली वाळू.
भिंतीवर आल्यावर एक ताक,
दुसरं ताकाचं भांडं विसळलेलं पाणी.
एकोणीस-वीसचा फरक, तोही दिव्याखाली.
राग्नहिल्ड मात्र तीन आठवडे बघतेय,
उभी राहून, बसून, दारातून, डोळे किलकिले करून.
मी रंगारी. तासाचे पैसे घेतो. बोलत नाही.

"सूर्य आला की ठरवू," ती म्हणाली.
हामरफेस्टात तो नोव्हेंबरपासून उगवलेलाच नाही.
खोलीत ओड्वारचा पलंग अजून तसाच,
उशीकडच्या भिंतीवर डोक्याचा तेलकट डाग,
बशीएवढा.
अस्तराचे दोन हात दिले, तरी वर येतो.
हे मी तिला सांगितलं नाही.
माहीत असावं;
दोन्ही नमुने तिने डागापासून लांब,
खिडकीजवळ लावून घेतलेत.

काल साडेअकराला ऊन आलं.
ट्रॉलरच्या डोलकाठीवरून, बर्फावरून, थेट भिंतीवर.
चार मिनिटं असेल.
ओट गुलाबी झाला, वाळूही गुलाबी झाली,
कापलेल्या सॅल्मनसारखी,
आणि मधली कड
आम्हा दोघांनाही सापडेना.

ती हसली. मग बराच वेळ हसली नाही.
"ओट कुठला होता?"
मी ब्रशच्या दांड्याने दाखवला. बहुधा चुकीचा.

ऊन गेलं. तिने दिवा लावला, कॉफी ओतली,
पलंगाचं एक टोक धरलं.
"छतापासून सुरू करा," म्हणाली,
"छत तरी पांढरंच असतं ना?"

पांढऱ्याचे माझ्या गाडीत सहा डबे आहेत.
सहाही वेगळे.