दहावी रेघ

खुर्ची आली तेव्हा पांढरी होती,
दवाखान्यातल्या कपाटासारखी पांढरी.
एका पायावर मांजराच्या नखांचे ओरखडे.
आउक्ये म्हणाली, विकायची नाहीये.
डुगडुगते फक्त. आणि मी बसले की कुरकुरते,
दोघींपैकी नेमकं कोण, ते कळत नाही.

ग्रँड रॅपिड्स, एकोणीसशे चौऱ्याहत्तर, मार्च.
नदीवर अजून बर्फाची ढेकळं.
मी खरवडत गेलो.
पांढऱ्याखाली पुदिन्याचा हिरवा,
लढाईनंतर अर्धं शहर ह्याच रंगात बुडालं होतं,
त्याखाली सायीचा, त्याखाली एक थर लाल,
तो कुणी लावला, आउक्येलाही आठवेना.
आणि सगळ्यात खाली
ओक.

हा तपकिरी रंग कुणी फासलेला नाही.
खुर्ची कोंडायची बंद खोलीत,
जमिनीवर अमोनियाची परात,
दाराच्या फटी कागदाने बुजवायच्या
आणि दीड दिवस तिकडे फिरकायचं नाही.
ओकच्या अंगातच तुरटपणा असतो.
वाफ लागली की तोच वर येतो, काळवंडतो.
म्हणे जुन्या सुतारांना हे तबेल्यात कळलं:
घोडे मुतायचे, तिथल्या फळ्या आपसूक गडद.
दिवाणखान्यातल्या पाहुण्यांना
ही वंशावळ सांगत नसत.

त्याआधीच्या खुर्च्यांना सिंहाचे पंजे असत,
पाठीवर द्राक्षांचे घोस,
यंत्राने दाबून काढलेले, सरसाने डकवलेले.
घोसांतली धूळ पुसता पुसता मोलकरणींची बोटं झिजायची.
मग ह्या आल्या. सरळ. काटकोनी.
पाठीला पाच पट्ट्या, बसायला चामडं,
गाभ्याकडून सालीकडे चिरलेल्या फळ्या,
म्हणजे उजेडात लाकडावर वाघाचे पट्टे हलतात.
कुसू आरपार बाहेर काढायचं, वर पाचर,
सांधा चारचौघांत दिसू दे.
जाहिरातीत छापायचे: प्रामाणिक लाकूड, प्रामाणिक हात.

हातांचं नाव छापत नसत.

आउक्येचा बाप, वीबे, फ्रीसलंडहून आलेला,
पटाशी धरायचा डाव्या हाताने.
पायात गाठ निघाली म्हणून ही खुर्ची नापास झाली,
पगारातून कापून त्याच्या गळ्यात मारली.
पाठीवर घेऊन पूल ओलांडताना
लोकांना वाटलं, खुर्चीच चालतेय.

काल मागची आडवी पट्टी ठोकून सोडवली.
बाकी सगळे सांधे उघडे; हा एकच आंधळा,
कुसू आतल्या आत संपलेलं.
सरसाची खपली निघाली
आणि लाकडावर पेन्सिलच्या रेघा,
मोजल्या, दहा.
दहावी खोडलेली,
इतक्या जोराने की तिथे चर पडलाय.

आउक्येला बोलावलं. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं.
एकोणीसशे अकरा, ती म्हणाली, मी सहा वर्षांची.
दहा तासांच्या पगारात नऊ तास मागत होते.
सगळा उन्हाळा भोंगा वाजायचा
आणि गल्लीतून कुणी जायचं नाही.
पाद्री म्हणाला, संघटनेची शपथ देवापुढे चालत नाही.
आई बटाट्याची सालंसुद्धा उकडायची.
मग एके दिवशी सगळे परत गेले. मान खाली.
तो घरी त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.
आम्हाला वाटलं, विसरला.

मी विचारलं, रेघा तशाच ठेवू?
ती म्हणाली, पुसायला तू कोण?

नवा सरस लावला, कुसू बसवलं,
दोरीने आवळून रात्रभर ठेवली.
आज ती न्यायला आली आणि न्यायच्या ऐवजी
दुकानातच बसली, कोट न काढता,
हात ओकच्या हातांवर.
बाहेर साडेपाचचं ऊन, जेमतेम ऊब.
म्हणाली, ह्या वेळेला तो कधीच घरी नसायचा.
थोडं थांबते. तुझं दुकान बंद करायचं असेल तर सांग.

मी दिवा लावला नाही.
रंधा उचलून उगीच पुसत बसलो.