शिलेदारी

गेली चार वर्षं मी बारगीर:
तलवार मंडळाची, ढाल मंडळाची,
अंगरखा दुसऱ्याच्या घामाचा, काखेत उसवलेला.
यंदा म्हटलं, आपलं सामान आपण घ्यायचं.

रविवार पेठेत जोडे पाहिले. तळाला रबर.
जुन्या बाजारात बुधवारी कमरपट्टा सापडला,
बक्कल नवं, गंज ॲसिडनं चढवलेला.
ढाल फायबरची.
हलकी आहे, पोरगा म्हणाला,
दिवसभर धरा, हात दुखणार नाही.
म्हटलं, तेच तर नको.

रास्ता पेठेत वनारसे मास्तर
बाराबंदीचे बारा बंद सुईनंच टाचतात,
मशीन लावत नाहीत.
मांजरपाट चहाच्या पाण्यात बुडवलेला.
"जुना दिसेल. फक्त धुवू नका."
मग टेप माझ्या पोटाभोवती फिरवली,
आकडा वाचला,
चष्मा पुसून पुन्हा फिरवली.

"शिपाई कुठल्या स्वारीतला?"
"पानिपतच्या."
"जातानाचा, की येतानाचा?"

दुकानात तेवढा पंखाच वाजत होता.
मी श्वास आत ओढला.
"जातानाचा."

त्यांनी वहीत बेचाळीस लिहिलं
आणि कापड दोन बोटं जास्तच धरलं.