तुम्ही म्हणाल तसं

मंगळवार पेठेतल्या प्रसूतिगृहात
वरच्या मजल्यावर, जिथे लिफ्ट जात नाही,
डॉक्टर इनग्रिड आल्या तीन आठवड्यांसाठी.
सोबत दोन पेट्या धागे, सुया
आणि संमतीचा छापील कागद, मराठीत म्हणे:
गर्भाशय, योनिभ्रंश, संभाव्य गुंतागुंत.
मी सांगायचे, पिशवी काढायची.
अंग बाहेर येतंय ना, ते थांबेल.
एवढ्यात उरकायचं.

बाया म्हणायच्या, तुम्ही म्हणाल तसं.
मी इंग्रजीत सांगायचे, हो म्हणते.
मग अंगठा, आणि खाली साक्षीदार
नलिनी काळोखे, स्टाफ नर्स.
अकरा दिवसांत अकरा.

बाराव्या दिवशी इंदूबाई रणपिसे.
मार्केट यार्डात लसूण निवडते,
नखांत टरफलं, खोलीभर वास.
सगळं ऐकून घेतलं, पदर सावरला,
तुम्ही म्हणाल तसं.
का कोण जाणे, त्या दिवशी मी
शब्दाला शब्द ठेवला.
ती म्हणते, तुम्ही म्हणाल तसं.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
खुर्ची सोडून पायरीच्या स्टुलावर बसल्या,
इंदूबाईच्या गुडघ्यांइतक्या खाली.
विचार तिला, तिचं काय म्हणणं आहे.

पंखा फिरत राहिला.
रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याशी मीटरवरून भांडत होतं.
मग बाई बोलायला लागली ती थांबेना.
पोतं किती महिने उचलायचं नाही?
मालकाला सांगावंच लागतं का, का माझं मी?
काढलेली पिशवी टाकता कुठं?
एकेक प्रश्न तिकडे नेत होते, उत्तर इकडे,
हमालासारखी.
शेवटचा तिने माझ्याकडे बघून विचारला,
आन टाका उसवला, तर ह्या असतील का हितं?

विमान गुरुवारचं. मला माहीत होतं.
तरी विचारलं.
नो, म्हणाल्या डॉक्टर, बऱ्याच वेळाने.
ते इंदूबाईला थेट कळलं.

इचार करून सांगते, म्हणाली.
चपला शोधल्या, कठडा धरून
एकेक पायरी उतरत गेली.

दुपारी टेबल रिकामं राहिलं.
आणि आधीच्या अकरा जणी, डॉक्टरांनी विचारलं,
त्या नक्की काय म्हणाल्या होत्या?

मी फायली काढल्या.
चार नंबर नवऱ्यांचे, एक किराणा दुकानाचा.
उरलेल्यांतला पहिला फिरवला.
सिस्टर बोलतेय, दवाखान्यातून.
तुमचं काही विचारायचं राहिलंय का?
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
थांबा, ती म्हणाली,
गॅस बारीक करते.