वल्ह्याला कान

निवतीच्या किनाऱ्यावर सकाळी साडेसहाला
लाइफ जॅकेटांचा ढीग, कालच्या घामाने अजून ओला.
माणशी तीनशे. दिसला नाही तर पैसे परत नाहीत,
असं पुठ्ठ्यावर लिहिलंय माझ्या मुलाने.
शेवटचा 'त' मावला नाही, तो खाली लोंबतोय.

शर्वाणी नावाची पोरगी मला महिनाभरासाठी वही देऊन गेली.
तीन रकाने : वेळ, श्वास, होड्या.
म्हणाली, काका, तुम्ही फक्त खरं लिहा.
फक्त.

पहिल्या दिवशी आमची एकटीच होडी.
दीपगृहाच्या पश्चिमेला, पेडव्यांच्या थव्यावर
पाठ वर आली, भरती ओसरलेल्या कातळासारखी,
आणि मग ती फुंकर,
कुजक्या म्हावऱ्याचा वास घेऊन.
बायका नाकाला पदर लावून हसल्या.
देवमाशीण होती. कुशीला पिल्लू.
एका अंगावर वळून तिने तोंड उघडलं, कणगीएवढं,
पेडवे तापल्या तेलासारखे तडतडले.
मी लिहिलं : चार श्वास. मग सहा मिनिटं खाली.

नवव्या दिवशी सात होड्या.
रुजायची, सारंगांची, दोन थेट देवबागेहून.
फोनवर फोन : हंय आसा, बेगीन ये.
रापण लावावी तसा वेढा पडला, जाळं तेवढं नव्हतं.
एक श्वास. मग अकरा मिनिटं.
पुन्हा एकच. मग चौदा.
तोंड उघडलंच नाही. पेडवे खालून सुखरूप निघून गेले.
पिल्लू एकटंच वर आलं, रुजायच्या नाळीसमोर,
आणि टाळ्या पडल्या.

त्या दिवशी होड्यांच्या रकान्यात मी सहा लिहिलं.
माझी मोजली नाही.
रात्री उठून दुरुस्त करायला गेलो.
सहाचा सात सहज होत नाही,
खाडाखोड दिसते.

बापूस माझा घोळ शोधायचा कानाने.
वल्ह्याचं पातं पाण्यात, मूठ कानाला, डोळे मिटलेले.
तळातून येणारी ती गुरगुर
घरच्या जनावराची ओळखावी तशी ओळखायचा.
होडीत तेव्हा कुणी खोकायचंसुद्धा नाही.
मला ती एकदाच ऐकू आली, आठ वर्षांचा असताना,
आणि वाटलं, आपलंच पोट वाजतंय.

विसाव्या दिवशी मी इंजिन बंद केलं.
सात होड्यांच्या मधोमध, पुण्याच्या बारा माणसांसकट.
काय झालं? बिघडलं का?
नाही म्हटलं. वल्हं घातलं पाण्यात,
मूठ लावली कानाला.

घरघर.
दिशा नाही तिला, तळ नाही.
पिठाच्या गिरणीत उभं राहून
कुणी नाव घेऊन हाक मारली
तर निदान हलणारे ओठ दिसतात.
तिथे खाली, त्या गढूळ हिरव्यात, ओठ कुठले?
ती पोराला हाका मारत असेल तर याच गिरणीत मारते.
मी शोधत राहिलो. हाक असेलही.
मला पट्ट्याचा आवाज तेवढा आला.

रुजायला ओरडून सांगितलं, मशीन बंद कर, लांब ऱ्हव.
तो म्हणाला, तू पयलो तुजो बोर्ड काड.
यावर मला काही सुचलं नाही.
पुण्याच्या बारांना छत्तीसशे परत दिले.
पाच तारखेला हप्ता, नऊ हजार दोनशे,
त्याच इंजिनाचा,
जे मी बंद केलं वीस मिनिटं.

वहीत लिहिलं :
वेळ, आठ दहा.
श्वास, माहीत नाही, डोळे मिटलेले होते.
होड्या सात, माझी धरून.

मुलगा दोन दिवस बोलला नाही.
आज पुठ्ठ्यासमोर उभा राहून म्हणतो,
नवीन लिहूया बाबा,
हा 'त' बरा दिसत नाही.